काहीच न झालेल्या माणसाची साक्ष

"हे कुलूप माझ्याशिवाय फक्त एकच जण उघडू शकतो," किल्लीवाल्याने बोट वर आढ्याकडे केलं, "आणि त्याला किल्ली लागत नाही."

चर्चच्या मागच्या खोलीला त्याने नवंकोरं कुलूप बसवलं होतं, आणि रविवारची उपासना सुरू व्हायच्या आधी तो ते येईल त्याला दाखवत होता. त्या खोलीत पाळकसाहेबांचा झगा, प्रभुभोजनाचा प्याला आणि जुन्या पडद्यांची गाठोडी असायची. पाळकसाहेब कौतुकाने पुढे आले. त्यांनी दार ओढून पाहिलं. दार खट्‌कन लागलं. "वा!" ते म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. झगा आत होता. किल्ली झग्याच्या खिशात होती.

"उघडा की," पाळकसाहेब म्हणाले.

"हे काय, आत्ता," किल्लीवाला म्हणाला आणि हत्यारं घेऊन गुडघ्यावर बसला.

पहिलं गीत झालं. दुसरं झालं. ऑर्गनवालीने मान वळवून पाहिलं आणि पहिलं गीत परत सुरुवातीपासून धरलं. किल्लीवाल्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि कुलूप आपलं शहाण्या मुलासारखं गप्प बसलं होतं.

तेवढ्यात रंगारी आला, नेहमीसारखा उशिरा. हा किल्लीवाल्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रविवारच्या इस्त्रीच्या पँटच्या मागच्या खिशातसुद्धा याची भिंत खरवडायची पट्टी असायची.

"सरक रे साडू," तो म्हणाला. पट्टी दाराच्या फटीत घातली, मनगट झटकलं, दार उघडलं. गीताचं कडवंही संपलं नव्हतं.

"प्रभूने आपल्या रंगाऱ्याला अगदी वेळेवर पाठवलं!" पाळकसाहेब झगा चढवत म्हणाले. मंडळीने टाळ्या वाजवल्या. किल्लीवाला अजून गुडघ्यावरच होता. लोकांना वाटलं, तो प्रार्थना करतोय. तो करत होता, पण ती इथे लिहिण्यासारखी नव्हती.

आता यात नवीन काही नव्हतं. या चर्चमध्ये उपासना संपता संपता साक्षीची वेळ असायची. आठवड्यात देवाने ज्याला सांभाळलं असेल, त्याने उठून सांगायचं. आणि देव सांभाळायचा तो रंगाऱ्याला. रंगारी गच्चीच्या कठड्यावरून पडला, तर खालून गाद्यांनी भरलेला हातगाडा चालला होता. त्याला विजेचा झटका बसला, तर शिडीच घसरली आणि त्याला तारेपासून सोडवून घेऊन गेली. एका हॉलचं छत रंगवून तो चहा प्यायला खाली उतरला, आणि मागे अख्खं छत खाली आलं. "चहा गार झाला," रंगारी सांगायचा, "पण मी नाही झालो!" लोक हसायचे, रडायचे, पुढच्या बाकावरच्या रिटायर्ड बाई तर रुमाल घरूनच हातात धरून यायच्या.

किल्लीवाला आयुष्यात कुठून पडला नव्हता. तो जिन्याचा कठडा धरून चढायचा, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून परत एकदा बघायचा. एकदा मात्र हेवा इतका अनावर झाला, की तोही साक्षीला उभा राहिला.

"गेल्या आठवड्यात मला काही झालं नाही," तो म्हणाला.

मंडळी वाट बघत राहिली.

"त्याच्या आधीच्या आठवड्यातही नाही."

"मग?" पुढच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं.

"मग काही नाही. बसतो."

बाईंनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी घराच्या दारात पोचल्यावर बायको बोलली.

"ताईच्या नवऱ्यासाठी सगळी मंडळी गुडघ्यावर येते. तुमच्यासाठी कोणाला साधी शिंकही आली नाही."

"मी पडलो नाही हा माझा गुन्हा आहे का?"

"मी कुठे म्हटलं पडा म्हणून? पण देवाकडे जरा तुमची ओळख दिसली असती, एवढंच."

बायको ते सहज बोलून गेली, पण बाण बरोबर जागी लागला. कारण किल्लीवाल्याने घरात एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याचं दुकान बसत चाललं होतं. लोक आता आकडे दाबून दार उघडायचे, कोणी अंगठा लावायचे, कोणी तर फोन दाखवायचे. किल्ली कोणाला हवी होती? तो सकाळी शटर वर करायचा, किल्ल्या कापायचं मशीन पुसायचा, दुपारी परत पुसायचा. तेवढं चकचकीत मशीन गावात दुसरं नव्हतं. रोज तो मशीनपाशी डोकं टेकून म्हणायचा, "देवा, मी मोठं काही मागत नाही. तू माझ्याकडे बघतोयस एवढं एकदा कळू दे. मग दुकान चालो, न चालो, मी घाबरणार नाही." वरून उत्तर नाही. आणि तिकडे रंगारी दर आठवड्याला अलगद झेलला जात होता! देवाचे दोन्ही हात त्या माणसाला झेलण्यातच अडकलेले असले, तर इकडे कोण बघणार?

विचार करता करता किल्लीवाल्याला वाटलं, चूक आपलीच आहे. आपण देवाला संधीच देत नाही. सगळीकडे कुलपं लावून बसलो, तर त्याने राखायचं काय?

दुसऱ्या दिवशी बायको बाहेर गेल्यावर तो घराला कुलूप न लावता, किल्ल्या दारामागच्या खुंटीलाच ठेवून दुकानात गेला. ज्या दाराला त्याने स्वतःच्या हाताने वर, मध्ये आणि खाली अशी तीन कुलपं बसवली होती, ते दार सताड उघडं. दिवसभर तो दुकानात हात जोडून बसला. संध्याकाळी आला, तर तिन्ही कुलपं लागलेली आणि बायको बाहेर पायरीवर.

"शेजारच्या काकूंनी लावली," ती म्हणाली. "दार उघडं दिसलं म्हणून. किल्ल्या घेऊन लेकीकडे गेल्यात, उद्या येतील. तुम्ही काय दार उघडं टाकून गेलात?"

"देवावर सोडून गेलो होतो."

"देवाची परीक्षा बघताय? तुम्ही त्याची बघा, तो माझी बघतोय."

आपल्याच घराची तीन कुलपं उघडायला त्याला किती वेळ लागला, ते विचारू नका. कुलपं चांगली होती.

मग त्याने सरळ साडूच्या परांचीखाली जाऊन उभं राहायचं ठरवलं. परांची म्हणजे बांबूंना बांधलेल्या लाकडी फळ्या, ज्यांवर उभा राहून रंगारी एका बँकेची भिंत रंगवत होता. दुनियेतलं जे काही वरून पडायचं, ते साडूच्या आसपासच पडायचं. किल्लीवाला खाली जाऊन उभा राहिला.

"काय रे साडू, इथे काय करतोयस?" वरून आवाज आला.

"काही नाही. उभा आहे."

"बाजूला हो, पडेल काहीतरी."

"पडू दे."

रंगाऱ्याने हे ऐकायला वाकून पाहिलं, त्याचा पाय डब्याला लागला, आणि पांढऱ्या रंगाचा भरलेला डबा खाली आला. किल्लीवाल्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेला आणि त्याच्या पायाशी फुटला. किल्लीवाला गुडघ्यापर्यंत पांढरा झाला आणि आनंदाने वेडा झाला. "वाचलो!" तो ओरडला, "अरे, मी वाचलो!" बँकेचा वॉचमन घाबरून आत गेला.

रविवारपर्यंत त्याने साक्ष पाठ केली. कुठे थांबायचं, आवाज कुठे भरून आणायचा, सगळं बायकोसमोर करून दाखवलं. बायको प्रथमच म्हणाली, "बरं जमलंय हो." रविवारी साक्षीची वेळ आली. किल्लीवाल्याने घसा साफ केला. तेवढ्यात रंगारी उठला.

"मंडळी, या आठवड्यात प्रभूने मला तुरुंगातून वाचवलं," रंगारी म्हणाला. "वरून माझा डबा सुटला. आणि खाली कोण? माझा सख्खा साडू! वीतभर इकडे पडला असता, तर आज मी खुनी झालो असतो."

मंडळीने श्वास रोखला. बाईंनी रुमाल काढला. रंगाऱ्याने सांगता सांगता डबा असा काही पाडला, की किल्लीवाल्यालाही दोन क्षण आपलं काय होणार म्हणून काळजी वाटली.

टाळ्या थांबल्यावर किल्लीवाला उभा राहिला. "खाली होतो तो मीच," तो म्हणाला.

"हो हो, ऐकलं आत्ता," पाळकसाहेब प्रेमाने म्हणाले. "शेवटचं गीत घेऊ या."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. आपलं दुःख लोक वाटून घेतात हे त्याला माहीत होतं. पण आपलं वाचणं दुसऱ्याने उचलून न्यावं?

पुढच्या रविवारी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, मोठी उपासना होती. त्याआधी चर्चच्या मनोऱ्यातली घंटेची खोली रंगवून घ्यायची आणि तिला कुलूप लावायचं, असं ठरलं, कारण पोरं वर जाऊन घंटा वाजवायची. काम अर्थातच दोघा साडूंकडे आलं.

किल्लीवाल्याने त्या कुलपात जीव ओतला. जीव म्हणजे काय, सगळा जळफळाट ओतला. दाराच्या फटीवर त्याने वरपासून खालपर्यंत एक लोखंडी पट्टा ठोकला. त्यातून पट्टी सोडा, कागद गेला नसता. "आता आण तुझी पट्टी," तो एकटाच पुटपुटला आणि हसला. आतल्या बाजूची मूठ तेवढी बसवायची राहिली होती. ती पिशवीत, आणि पिशवी बाहेर जिन्याच्या पायरीवर. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात. तो आत उभा राहून मुठीचं भोक साफ करत होता.

रंगारी रंगाचा डबा आणि दोरी घेऊन आत आला. "वाऱ्याने धूळ येतेय. ओल्या भिंतीला चिकटेल," म्हणाला, आणि पायाने दार लोटलं.

खट्‌.

"अरे!" किल्लीवाला म्हणाला.

"काय अरे? उघड की. किल्ली आहे ना?"

"आहे. किल्लीचं भोक बाहेर आहे."

"मग आतली मूठ?"

"बाहेर आहे."

रंगारी हसला. "घाबरतोस काय, साडू आहे ना तुझा." त्याने खिशातून पट्टी काढली, फटीत घातली. गेली नाही. वर घातली, खाली घातली. मग मुठीच्या भोकात तिचा कोपरा घालून पिळला. पट्टीचा तुकडा पडला.

"हे काय ठोकलंयस इथे?"

"पट्टा."

"कशाला?"

किल्लीवाल्याने पट्ट्यावरची धूळ पुसली. सांगणार काय, तुझ्यासाठी?

दोघांनी दार ठोकलं, हाका मारल्या. खाली ऑर्गनवालीचा सराव चालला होता. तिने सूर आणखी मोठा केला. ती खोली म्हणजे दोन माणसांना जेमतेम बसता येईल एवढी, मध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं धूड, आणि एका बाजूला अरुंद खिडकी. थोड्या वेळाने किल्लीवाल्याच्या लक्षात आलं, की रंगारी दार ठोकत नाहीये. तो भिंतीला टेकून खाली बसला होता. ओल्या भिंतीला. आणि त्याचे हात थरथरत होते.

"भाऊ? काय झालं?"

"खिडकीतून खाली दिसतंय," रंगारी म्हणाला. "ती झाक ना जरा."

"तुला उंचीची भीती वाटते?"

"ओरडू नकोस."

"अरे पण तू रंगारी आहेस!"

"मग काय करू? भिंती खाली आणू?" रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. "त्या पहिल्या पडण्यापासून. गाद्यांच्या गाड्यावर पडलो ना, तेव्हापासून. रोज सकाळी शिडीला हात लावला की घरी पळावंसं वाटतं. आणि हात थरथरतात म्हणून परत पडतो. रविवारी उठून हसत सांगतो, तर वाटतं, सांगता सांगता मलाच पटेल. अजून पटलं नाही."

किल्लीवाल्याच्या हेव्याला हे असलं काही ऐकायची सवय नव्हती.

"खरं सांगू?" रंगारी म्हणाला. "तुझ्यावर जळतो मी."

"माझ्यावर?"

"त्या दिवशी तू उठलास आणि म्हणालास, मला काही झालं नाही. सगळे कंटाळले. मी बाकाखाली मुठी आवळल्या. म्हटलं, बघा, याला देव पडायच्या आधीच धरतो! मला खाली येऊ देतो आणि मग झेलतो. माझी बायको रोज संध्याकाळी दारात उभी असते, आज कुठल्या हॉस्पिटलमधून फोन येतोय म्हणून. तुझी?"

"माझी टीव्ही बघत असते."

"बघ!" रंगारी कळवळून म्हणाला.

मग किल्लीवाल्यानेही सांगून टाकलं. दुकान, रिकामा दिवस, चकचकीत मशीन. घरी माहीत नाही हेही. आणि तो लोखंडी पट्टा कशासाठी ठोकला, तेही. रंगाऱ्याने पट्ट्याकडे पाहिलं. "काम पक्कं केलंयस," म्हणाला.

"प्रार्थना करू या?" किल्लीवाल्याने विचारलं.

"तू कर."

किल्लीवाल्याला मोठ्याने प्रार्थना करायची सवय नव्हती. त्याने आपलं येत होतं तेच म्हटलं. "देवा, आज सकाळी मी उठलो, काही झालं नाही. जिना चढलो, काही झालं नाही. साडू डबा घेऊन वर आला, त्यालाही काही झालं नाही. दुकानात गिऱ्हाईक नाही, पण काल आम्ही जेवलो, परवाही जेवलो. आत्ता आम्ही इथे अडकलोय. पण आत्तापर्यंत, म्हणजे या मिनिटापर्यंत, आम्हाला काही झालेलं नाही. पुढच्या मिनिटाचंही तूच बघ. आमेन."

"परत म्हण," रंगारी म्हणाला.

किल्लीवाल्याने परत म्हटली. तिसऱ्यांदाही म्हटली. रंगाऱ्याचे हात थांबले. त्याने सुस्कारा सोडला आणि मागे, त्या चादरीत गुंडाळलेल्या धुडावर रेलला.

डुंग्‌, असा बसका आवाज आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे काय आहे?" किल्लीवाल्याने विचारलं.

"घंटा," रंगारी म्हणाला. "रंग उडू नये म्हणून मीच झाकली होती."

चादर ओढली आणि दोघांनी मिळून घंटा अशी बडवली, की खाली ऑर्गन बंद पडला, शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन रस्त्यावर आला, आणि पाळकसाहेब, प्रभूच्या पृथ्वीवरच्या पुनरागमनाचा दिवस आला की काय म्हणून, एका पायात चप्पल घालून धावले. चर्च झाडणारी मावशी मनोऱ्याखाली उभी राहून ओरडली, "कोण मेलंय?"

"कोणी नाही!" दोघेही ओरडले. "किल्ली पाठवतोय!"

आता खिडकीशी जाणार कोण? रंगाऱ्याने किल्लीवाल्याचा हात घट्ट धरला, खिडकीपर्यंत आला, डोळे मिटूनच डब्याला दोरीची गाठ मारली, आणि किल्लीवाल्याने किल्ली डब्यात टाकली. डबा खाली गेला.

"हे काय, दूध पाठवलंय?" खालून मावशी.

"रंग आहे. किल्ली तळाला आहे. हात घाल!"

मावशीने जे म्हटलं ते चर्चच्या आवारात म्हणायचं नसतं. पण हात घातला. कोपरापर्यंत पांढरा हात घेऊन ती वर आली आणि दार उघडलं.

पाळकसाहेब त्या कुलपावर भलतेच खूश झाले. शनिवारी त्यांनी चर्चच्या मोठ्या दारालाही तसंच बसवून घेतलं. या वेळी किल्लीवाल्याने सगळ्यात आधी आतली मूठ बसवली. त्याच्या मागोमाग रंगाऱ्याने दार रंगवलं, तेही जमिनीवर उभं राहून, कारण शिडीवर किल्लीवाला चढला आणि वरचा भाग त्यानेच रंगवला. जाता जाता रंगारी म्हणाला, "सोमवारपासून येतोस का माझ्याबरोबर? वरचं तू कर, खालचं मी. दुकानाचं दुकान बघेल." किल्लीवाला म्हणाला, "घरी विचारतो." आणि त्या संध्याकाळी त्याने घरी सगळं सांगितलं. बायकोने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मशीन एवढं का चमकतंय, ते मला कधीच कळलं होतं."

उपकारस्तुतीच्या रविवारी चर्च गच्च भरलं. मनोऱ्याची गोष्ट सगळीकडे झाली होती, अर्धीमुर्धी. पाळकसाहेबांनी साक्षीची वेळ जाहीर केली आणि सरळ किल्लीवाल्याकडे हात केला. "आज यांची!" बाईंनी दोन रुमाल आणले होते.

किल्लीवाला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे गोष्ट होती: मनोरा, बंद दार, घंटा, सगळं. सांगायला सुरुवात केली असती, तर गाद्यांचा हातगाडा सगळ्यांच्या डोक्यातून कायमचा पुसला गेला असता. त्याने बाकाकडे पाहिलं. रंगारी मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होता. ते थरथरणारे हात सोडून ही गोष्ट सांगता येत नव्हती. किल्लीवाल्याने मनातल्या मनात दोन-तीन वेळा सोडून सांगून पाहिली. जमेना.

"या आठवड्यातही," तो म्हणाला, "मला काही झालं नाही. प्रभूची स्तुती असो."

"आमेन!" रंगारी एवढ्या मोठ्याने म्हणाला, की ऑर्गनवाली दचकली.

"बस, एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. आणि बाई, ते पुष्कळ असतं."

तो बसला. बायकोने त्याचा हात हातात घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं, पण थोडंच.

शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, मंडळी निघायला उठली. मोठं दार उघडेना. रंग वाळावा म्हणून ते रात्रभर उघडंच होतं, उपासना सुरू होताना कोणीतरी लोटलं होतं. शनिवारचा रंग कुलपाच्या आत उतरून रात्रीत वाळला होता. मूठ फिरली, खटका हलला नाही. पाळकसाहेबांनी जोर लावला, तेव्हा मूठ त्यांच्या हातात आली. मागच्या खोलीचं दार चर्चमध्येच उघडायचं, रस्त्यावर नाही. तेव्हा रंगारी बाजूच्या बुटक्या खिडकीवर चढला. बाहेरून किल्ली लावतो, म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किल्लीवाल्याने त्याचा हात धरला होता, पण टाळ्या ऐकून रंगारी वळून बघायला गेला आणि हात सुटला. रंगारी गुलाबाच्या वाफ्यात पडला. त्याला काही झालं नाही. किल्ली आतच राहिली होती.